शाहूपुरीतलं दुकान, चार पीसी, टॅली आणि स्टॉक: पुराआधी बॅकअप कसा लावावा?

पाइपवाले_शाहूपुरी

नमस्कार. कोल्हापुरात शाहूपुरीत पाइप-फिटिंग्ज आणि पंपांचं होलसेल दुकान आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत गल्लीत पाणी होतं. या पावसाळ्याआधी बॅकअपचं काम पक्कं करायचं आहे. सध्या असं आहे:

चार पीसी, सगळे तळमजल्यावर. त्यातला एक सर्व्हर म्हणून वापरतो. त्यावर विंडोज ११ प्रो आणि टॅलीप्राइम गोल्ड. टॅलीचा डेटा सुमारे २ जीबी.
बारकोड-स्टॉकचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, त्याच्यामागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं मोफत सॉफ्टवेअर). डेटाबेस ६ जीबी.
खरेदी बिलांचे स्कॅन, रेटलिस्ट, कोटेशन मिळून १५० जीबी. हे फोल्डर गूगल ड्राइव्हला सिंक होतं.
१ टीबीची एक्स्टर्नल डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असते. रोज रात्री ९ वाजता रोबोकॉपी (विंडोजची फाइल कॉपी करायची कमांड) अख्खा डी ड्राइव्ह तिच्यावर मिरर करते.
नेट फायबरचं, अपलोड २० एमबीपीएस.

दुकानाला ९ फुटांवर माळा आहे. घर राजारामपुरीत. एकरकमी ३० हजार आणि वर महिना हजारभर खर्च करायची तयारी आहे. एनएएस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा बॉक्स) घ्यावा का? की नुसता क्लाउड पुरेल? आणि पाणी आलंच, तर किती दिवसांत बिलिंग सुरू होईल असं धरून चालावं?

रात्रपाळी

एनएएस सध्या नको. तो त्याच दुकानात, त्याच विजेवर आणि त्याच नेटवर्कवर बसणार. पाणी आलं तर तोही पाण्यात, आणि रॅन्समवेअर (फाइल्स एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर शेअर केलेलं फोल्डर त्यालाही दिसतंच. तेवढे पैसे डिस्क आणि क्लाउडवर घाला.

नुसता क्लाउडही पुरणार नाही, आणि याचं कारण कोल्हापूरच आहे. पूर आला की वीज जाते, पाठोपाठ नेट आणि मोबाइल टॉवर. २०१९ आणि २०२१ ला पुणे-बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद होता. म्हणजे ज्या आठवड्यात डेटा हवा, त्याच आठवड्यात तो उतरवून घ्यायला नेट नाही आणि पुण्याहून नवा पीसी मागवायला रस्ता नाही. तेव्हा उपयोगी पडते ती राजारामपुरीतल्या कपाटातली डिस्क. उलट रॅन्समवेअर किंवा चोरीत क्लाउडची प्रत वाचवते. दोन प्रती दोन वेगळ्या संकटांसाठी आहेत, एकीने दुसरीची जागा भरत नाही.

आता तुमच्या मांडणीतले दोष. पहिला मोठा आहे. रोबोकॉपीत मिरर म्हणजे मूळ जागी जे पुसलं ते प्रतीतूनही पुसलं जातं. दुपारी कुणी चुकून २०२२ चं फोल्डर डिलीट केलं तर रात्री ९ वाजता ते डिस्कवरूनही जातं. रॅन्समवेअरने फाइल्स बिघडवल्या तर बिघडलेल्या फाइल्स चांगल्यांवर जाऊन बसतात. त्यातून डिस्क कायम जोडलेली, म्हणजे ती थेटच एन्क्रिप्ट होणार.

दुसरा: एसक्यूएलचा डेटाबेस या पद्धतीने कॉपी होतच नाही. सर्व्हिस चालू असताना डेटाबेसच्या एमडीएफ आणि एलडीएफ या मूळ फाइल्स लॉक असतात. रोबोकॉपी त्यावर अडते, ठरलेल्या वेळा परत प्रयत्न करते आणि पुढे जाते. लॉग उघडून बघा. एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) ० ते ७ असेल तर चिंता नाही, ८ किंवा जास्त म्हणजे काहीतरी राहिलंय. टास्क शेड्यूलरमध्ये 'पूर्ण झालं' दिसतं, त्यावर जाऊ नका. त्याचा अर्थ टास्क चालून संपली एवढाच.

तिसरा: गूगल ड्राइव्हचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथे ट्रॅशमध्ये जातं, आणि ट्रॅश ३० दिवसांनी रिकामा होतो. जुन्या आवृत्त्याही साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच. मार्चमध्ये पुसलेलं बिल ऑगस्टमध्ये आठवलं, तर ते तिथे नसतं.

रोजचं वेळापत्रक असं लावा:

९:०० – सगळे टॅली आणि बारकोडमधून बाहेर. टॅलीत 'शट कंपनी' करून मग टॅली बंद. कंपनी उघडी असताना फोल्डर कॉपी केलं तर अर्धी लिहिलेली फाइल प्रतीत जाऊ शकते. ती बिघडलीय हे कळतं ते रीस्टोअरच्या दिवशी.

९:१५ – एसक्यूएलचा बॅकअप. एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, म्हणून 'बॅकअप डेटाबेस'ची कमांड एका फाइलमध्ये लिहून एसक्यूएलसीएमडी या टूलने टास्क शेड्यूलरमधून चालवायची. त्यात 'चेकसम' हा बिघाड ओळखणारा पर्याय घाला आणि लगेच प्रत तपासायला 'रीस्टोअर व्हेरिफायओन्ली' चालवा. फाइलचं नाव वाराचं ठेवा, म्हणजे सोमवार ते रविवार सात फाइल्स फिरत राहतील. एक्सप्रेसमध्ये बॅकअप कॉम्प्रेशन मिळत नाही, तेव्हा प्रत्येकी साधारण ६ जीबी धरा. आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये डेटाबेसला १० जीबीची मर्यादा असते, त्यावरही डोळा ठेवा. ती गाठली की नवी एंट्री बसत नाही.

९:४५ – टॅलीच्या डेटा फोल्डरची झिप. त्यात कंपनीगणिक आकड्यांच्या नावाचं फोल्डर असतं. एकही सोडू नका, जुन्या वर्षांची वेगळी काढलेली कंपनी बऱ्याचदा राहून जाते.

१०:०० – हे सगळं आणि स्कॅनचं फोल्डर रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरने डिस्कवर आणि क्लाउडवर. रेस्टिक फुकट आहे, फक्त बदललेले तुकडे पाठवतं, आणि प्रत मुळातच एन्क्रिप्टेड असते. १४ दिवसांच्या, ८ आठवड्यांच्या आणि १२ महिन्यांच्या प्रती ठेवा, आणि दर मार्चअखेरची एक कायमची. कमांडलाइन नको असेल तर डुप्लिकाटी घ्या. पण रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर जगात कुणीही ती प्रत उघडू शकत नाही. तो कागदावर लिहून दोन जागी ठेवा.

क्लाउडसाठी अ‍ॅमेझॉन एस३ या भाड्याच्या साठवणीचा मुंबई विभाग घ्या. व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या ठेवणं) आणि ऑब्जेक्ट लॉक (मुदतीपर्यंत पुसू न देणं) बकेट, म्हणजे तिथला तुमचा कप्पा, तयार करतानाच चालू करा, लॉक ३० दिवसांचा. लॉक कम्प्लायन्स मोडमध्ये ठेवला तर कुणी तुमच्या सर्व्हरचा ताबा घेतला तरी त्या ३० दिवसांतल्या आवृत्त्या त्याला पुसता येत नाहीत. १६० जीबीचं भाडं तुमच्या महिना हजारात आरामात बसतं. परत उतरवताना मात्र दर जीबीला वेगळे पैसे पडतात, ते हिशेबात धरा. स्वस्त दिसतं म्हणून 'ग्लेशियर डीप आर्काइव्ह' घेऊ नका. तिथून साध्या मागणीवर डेटा हाताशी यायला १२ तास लागतात आणि किमान १८० दिवसांचं भाडं भरावंच लागतं.

२० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २.५ एमबी, तासाला ९ जीबी. १६० जीबी पहिल्यांदा चढवायला सुमारे १८ तास. शनिवारी रात्री लावा, रविवारी संध्याकाळपर्यंत होईल. नंतर रोज बदललेलं तेवढंच जातं. फक्त एसक्यूएलची ती सहाच्या सहा जीबीची फाइल झिप करू नका. झिप केली की रेस्टिकला कालचे आणि आजचे सारखे तुकडे ओळखता येत नाहीत आणि रोज सगळी फाइल नव्याने चढते.

घडवंची

हार्डवेअरचं बोलतो. २ टीबीच्या तीन पोर्टेबल डिस्क घ्या, एसएसडी नको. महिनोन्‌महिने वीज न लागलेली एसएसडी डेटा धरून ठेवीलच असं नाही. कपाटात पडून राहायला फिरती डिस्कच बरी. तिन्ही एनटीएफएसने फॉरमॅट करा. बऱ्याच डिस्क एक्सफॅटमध्ये येतात, त्यात जर्नलिंग (अर्धवट लिखाण सावरायला ठेवलेली नोंद) नसतं. लिहिताना केबल निघाली किंवा लाइट गेली तर अख्खं फोल्डर जायची भीती.

डिस्कवर मोठ्या अक्षरात क, ख, ग लिहा. एक सर्व्हरला, एक घरी, एक ने-आण करताना. सोमवारी आणि गुरुवारी अदलाबदल, तीही 'सेफली रिमूव्ह' करूनच. घरी जायची डिस्क रात्रीच्या कामानंतर सकाळी दुकान उघडल्यावर काढायची. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा ओली असते, म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ठेवा. पुड्या रंग बदलणाऱ्या मिळतात, रंग उतरला की बदला.

प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी: तारीख, शेवटच्या विक्री बिलाचा नंबर, त्या दिवशीच्या ट्रायल बॅलन्सची एकूण रक्कम, सही. एवढं लिहायला एक मिनिट पुरतं. रीस्टोअर झाल्यावर 'सगळं आलं का' हे याच तीन गोष्टींनी ठरतं, नाहीतर नुसती कंपनी उघडली की माणूस निर्धास्त होतो.

सर्व्हर आजच माळ्यावर न्या. फक्त तिथे पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये किती तापतं ते बघा. हवा खेळती नसेल तर सर्व्हर खाली पण ५ फुटांवर भिंतीला अँगल मारून बसवा आणि पुराच्या वेळी वर न्या. यूपीएस जमिनीवर ठेवायची सवय सगळीकडे असते, तो आधी उचला. यूपीएसची यूएसबी केबल पीसीला जोडा, बॅटरी ठराविक टक्क्यांवर आली की विंडोज स्वतः शटडाउन करील. ६०० व्हीएचा यूपीएस एका पीसीला दहा-पंधरा मिनिटंच देतो, त्यावर प्रिंटर लावू नका.

आणि विंडोजची शॅडो कॉपी (त्याच डिस्कवर ठेवलेल्या फाइलच्या जुन्या प्रती) चालू ठेवा, एक फाइल परत आणायला पटकन उपयोगी पडते.

रात्रपाळी

शॅडो कॉपी चालू ठेवा, पण बॅकअपमध्ये तिची गणती नको. रॅन्समवेअर सुरुवातीलाच शॅडो कॉपी पुसून टाकतं. चुकून फाइल पुसली गेली तर तिचा आधार, त्यापुढे नाही.

रॅन्समवेअर शिरतं ते बहुतेकदा रिमोट डेस्कटॉपच्या उघड्या ३३८९ पोर्टातून, नाहीतर ई-मेलमधल्या 'बिला'तून. सॉफ्टवेअरवाल्याने घरून बघता यावं म्हणून राउटरवर ३३८९ उघडून ठेवलंय का, ते आज तपासा आणि असेल तर बंद करा.

कीर्दखतावणी

डेटा का जपायचा, हे करसल्लागाराच्या बाजूने सांगते, कारण त्यावरून आधी काय वाचवायचं ते ठरतं.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. नियम ५७ तर सरळ बॅकअपवरच आहे: अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी मुदतीत त्या परत उभ्या करता आल्या पाहिजेत, असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवणं बंधनकारक आहे. 'पुरात गेलं' हे उत्तर तिथे पुरेसं होत नाही.

तुमचं दुकान प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असेल तर कंपनी कायद्याचे लेखानियम लागू नाहीत. उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलं तर पुस्तकांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं सक्तीचं होईल. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने 'ठराविक काळाने'चं 'रोज' झालं. मुंबई विभाग निवडलात की ती सोय आधीच झालेली असेल.

पूर ओसरल्यावर पहिलं काम विमा. सर्व्हेअर येतो तेव्हा बुडालेल्या तारखेचा स्टॉक, खरेदी बिलं आणि दर मागतो. त्यामुळे माझ्या लेखी क्रम असा: स्टॉकचा डेटाबेस पहिला, टॅली दुसरी, चालू वर्षाचे खरेदी स्कॅन तिसरे. रेटलिस्ट आणि जुनी कोटेशन पंधरा दिवसांनी आली तरी चालतील. दुसरं काम इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट. नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट कलम १७(५)(एच) प्रमाणे उलटवावं लागतं. खरेदीची नोंद नसेल तर तो आकडा अंदाजाने काढावा लागतो आणि अंदाज पुढे नोटिशीत अडकतो.

पॉलिसी उघडून दोन गोष्टी बघा. आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचं कलम आहे ना? आणि डेटा परत उभा करण्याचा खर्च त्यात धरलाय का? साध्या पॉलिसीत सहसा यंत्राचीच किंमत मिळते. डेटा माध्यमांसाठी इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसीत वेगळा भाग असतो, तो मागून घ्यावा लागतो.

डिजिटल सिग्नेचरचं टोकनसुद्धा त्याच स्टीलच्या डब्यात. जीएसटी पोर्टलला नोंदलेला मोबाइल नंबर दुकानातल्या फोनचा असेल तर तो फोन भिजला की ओटीपीही बंद. नंबर मालकाच्या खिशातल्या फोनचा असू द्या.

पाइपवाले_शाहूपुरी

मनापासून आभार. रोबोकॉपीचा लॉग बघितला. एमडीएफ रोज राहत होती, कोड ८ च्या वर. ३३८९ पण राउटरवर उघडा होता, बंद केला. आता तीन प्रश्न. रीस्टोअर करून बघायचं ते कशावर, चालू सर्व्हरवर करायला धजत नाही. पाणी वाढायला लागलं की नक्की कधी हलायचं? आणि पीसी भिजलाच तर?

रात्रपाळी

चालू सर्व्हरवर कधीच नाही. घरी एखादा जुना लॅपटॉप असेल, ८ जीबी रॅमचा, तोच तुमचा राखीव सर्व्हर. त्यावर टॅलीप्राइम आणि एसक्यूएल एक्सप्रेस टाकून ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी डब्यातली डिस्क लावून सगळं उतरवा. टॅली एज्युकेशनल मोडमध्ये बघण्यापुरती उघडते. चिठ्ठीवरचा शेवटचा बिल नंबर आणि ट्रायल बॅलन्स जुळवा. दर तीन महिन्यांनी तेच क्लाउडवरून करा आणि घड्याळ लावून किती तास लागले ते लिहा. 'किती दिवसांत बिलिंग सुरू होईल' याचं उत्तर त्या आकड्यातच आहे. घरची डिस्क आणि तयार लॅपटॉप असेल तर एक दिवस धरा. क्लाउडवरून, नवीन मशीनवर, नेट आल्यावर असेल तर तीन ते चार दिवस.

रीस्टोअरला अडतं ते इथे:

टॅली: नव्या रिलीजमध्ये गेलेला डेटा जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. तुमच्या रिलीजची सेटअप फाइल डिस्कवरच ठेवा. लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, त्यामुळे सिरीयल नंबर आणि टॅली डॉट नेट आयडी कागदावर हवा, आणि त्या आयडीचा ई-मेल तुमच्या ताब्यात हवा. तो ई-मेल सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या नावावर निघाला तर दोन दिवस त्यातच जातात. टॅली व्हॉल्टचा (कंपनीचा डेटा कुलूपबंद करायच्या सोयीचा) पासवर्ड असेल तर तोही कागदावर. तो विसरला तर कंपनी उघडत नाही.

एसक्यूएल: लॅपटॉपवरची आवृत्ती सर्व्हरच्या बरोबरीची किंवा नवी हवी, जुन्या आवृत्तीवर रीस्टोअर होत नाही. डेटाबेस आला, तरी बारकोड सॉफ्टवेअर 'लॉगिन फेल्ड' म्हणेल. कारण लॉगिन मास्टर डेटाबेसमध्ये असतं, तुमच्या बॅकअपमध्ये फक्त युजर येतो. लॉगिन नव्याने बनवून युजरला जोडावं लागतं. सॉफ्टवेअरवाल्याकडून ती चार ओळींची स्क्रिप्ट आत्ताच लिहून घ्या, पुरात त्याचा फोन लागेलच असं नाही.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की छापून डब्यात.

घडवंची

हलायची वेळ मनावर ठेवू नका, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर ठेवा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मागच्या दोन्ही पुरांत पातळी ५५ च्या वर गेली होती. कोल्हापूरला पंचगंगा चढायला वेळ घेते, ही आपली जमेची बाजू. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी काही तासांत बाजारपेठेत होतं, तिथल्या दुकानदाराला एवढी सवड नाही, त्याने रोजच रात्री डिस्क घरी न्यावी.

३५ फूट: डिस्कची रोज अदलाबदल सुरू. लॅपटॉप चार्ज.
३९ फूट: दिवसाचं काम दुपारी थांबवून पूर्ण बॅकअप, चिठ्ठी, डिस्क राजारामपुरीत. सर्व्हर शटडाउन. केबल काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो.
४० पर्यंत: सर्व्हर, यूपीएस, राउटर, बारकोड प्रिंटर माळ्यावर. वेळ कमी पडला तर बाकीच्या पीसींचे फक्त ड्राइव्ह काढून घ्या, चार स्क्रूचं काम आहे.
४३: मेन स्विच बंद, दुकानात कुणी थांबायचं नाही.

ही कामं कोण करणार त्या दोघांची नावं आणि नंबर त्याच कागदावर लिहा. मालक गावाला असताना पाणी वाढलं तर कुलपाची किल्ली कुणाकडे, तेही.

भिजलेल्या पीसीला वीज लावून 'चालू होतो का' बघायचं नाही. हार्डडिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत गेलेलं असतं. चालू केली की प्लेटवर गाळ घासला जाऊन डेटा कायमचा जातो. हेअर ड्रायर, तांदळाचा डबा, ऊन, यातलं काहीही नको. वाळला की गाळ प्लेटला चिकटतो. ड्राइव्ह ओलाच, ओलसर कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत हवाबंद करा आणि तसाच डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. पिशवीवर लिहा: 'पाण्यात इतके तास होती, वीज लावलेली नाही'. ते पहिला प्रश्न हाच विचारतात.